बशीत जंतू मेला, म्हणून गोळ्या कमी करायच्या का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय २८, वजन ५० किलो) फुफ्फुसाचा क्षयरोग आहे. रिफाम्पिसिन लागू पडत नाही, असा अहवाल आला. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होऊन सात आठवडे झाले. खोकला कमी आहे, वजनही थोडं वाढलंय. पण मळमळ होते, आणि आठवडाभर तळपायांना मुंग्या येताहेत. नातेवाइकांनी एक बातमी पाठवली आहे : हळदीतलं कर्क्युमिन, लसणातलं अ‍ॅलिसिन आणि मिरीतलं पायपरीन हे औषधांना दाद न देणारे क्षयाचे जंतूही प्रयोगशाळेत मारतात. अडुळशाचा काढा, गुळवेलीच्या गोळ्या आणि कर्क्युमिन-पायपरीनच्या कॅप्सूल आणून ठेवल्या आहेत. किती प्रमाणात द्याव्यात? त्यांच्या जोरावर मुंग्या आणणारी गोळी बंद करता येईल का? आणि अशा औषधांची चाचणी कुठे चालू असेल तर त्यात भावाला घालावं का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ मुंग्यांची आहे, तेव्हा आधी तीच घेऊ.

मुंग्या बहुधा लिनेझोलिडमुळे येताहेत. हे औषध हातापायांच्या टोकाच्या नसांना इजा करतं. सुरुवात बहुतेक वेळा पायांच्या बोटांपासून होते, दोन्ही पायांना सारखीच. वेळेवर लक्ष दिलं तर त्रास तिथेच थांबू शकतो, अंगावर काढला तर कोर्स संपल्यावरही बधिरपणा राहू शकतो. पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबू नका, उद्याच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. नुसतं 'मुंग्या येतात' एवढं सांगून भागत नाही. कधीपासून येतात, बोटांपुरत्याच आहेत की घोट्यापर्यंत चढल्यात, आग होते का, रात्री झोपमोड होते का, चालताना पाऊल कुठे पडतंय ते कळतं का, हे सगळं सांगा. त्यावरून तीव्रता ठरते. डॉक्टर रोजचा ६०० मिलिग्रॅमचा डोस ३०० वर आणू शकतात किंवा गोळी काही दिवस थांबवू शकतात. शक्य असेल तर पहिले नऊ आठवडे पूर्ण डोस जावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तुमच्या भावाचे सातच झालेत, म्हणून हे गणित घरी सोडवायचं नाही.

याच औषधाने डोळ्यांच्या नसेलाही इजा होते. रोज एक डोळा झाकून तोच बारीक मजकूर तेवढ्याच अंतरावरून वाचायला सांगा, मग दुसरा डोळा. लाल रंग एखाद्या डोळ्याला फिका दिसतो का, हेही विचारा. फरक जाणवला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता गोळी बंद करून त्या जागी कॅप्सूल देण्याचं. ते करू नका, आणि त्याचं कारण 'डॉक्टर रागावतील' यापेक्षा बरंच मोठं आहे. या चार औषधांपैकी बेडाक्विलिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, त्याची पातळी निम्म्यावर यायला शेवटी सुमारे साडेपाच महिने लागतात. बाकीची औषधं काही दिवसांतच निघून जातात. म्हणजे कोणी कंटाळून सगळ्या गोळ्या थांबवल्या, तर पुढे कित्येक महिने जंतूसमोर बेडाक्विलिन एकटं आणि कमी पातळीत उरतं. औषधाला पुरून उरायला जंतूला याहून सोयीची परिस्थिती मिळणार नाही. रिफाम्पिसिन आधीच गेलेल्या रुग्णाने बेडाक्विलिनही घालवलं, तर पुढचे पर्याय लांबलचक आणि जास्त त्रासाचे आहेत. उलट सध्याच्या कोर्सचं पारडं जड आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीबी-प्रॅक्टिकल या चाचणीत या चार औषधांवर ८९ टक्के रुग्णांचा निकाल चांगला लागला, जुन्या लांब उपचारांवर ५२ टक्के रुग्णांचा.

बातमीकडे येऊ. ती खोटी असेलच असं नाही. वनस्पतींतली अनेक रसायनं काचेच्या बशीत क्षयाचा जंतू रोखतात, औषधांना न जुमानणारासुद्धा. पण अशी बातमी वाचताना एकच आकडा शोधायचा : जंतूची वाढ थांबवायला मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम लागले. संशोधक त्याला एमआयसी म्हणतात. आयसोनायझिड हे क्षयाचं जुनं औषध घ्या. ते ज्याच्यावर चालतं अशा जंतूसाठी हा आकडा साधारण ०.०५ ते ०.१ असतो, आणि ३०० मिलिग्रॅमच्या एका गोळीनंतर रक्तातली पातळी ३ ते ५ पर्यंत जाते. म्हणजे गरजेच्या तीस ते शंभर पट. औषध म्हणतात ते याला.

आता बातमीत एखाद्या वनस्पतिजन्य रसायनाचा आकडा ६४ आहे असं धरा. ५० किलोच्या माणसाच्या शरीरात जवळपास ३० लिटर पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅम पातळी धरून ठेवायची, तर जवळपास २ ग्रॅम शुद्ध रसायन एकाच वेळी विरघळलेलं आणि मोकळं असायला हवं. ते यकृताने मोडता कामा नये, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसता कामा नये, आणि हे रोज, महिनोन्‌महिने. शिवाय जंतू रक्तात नसतो. तो फुफ्फुसातल्या गाठींमध्ये, चीजसारख्या मऊ झालेल्या मृत पेशींच्या लगद्यात असतो, आणि तिथे रक्तवाहिन्या पोचतच नाहीत. म्हणूनच शुद्ध रसायनाचा आकडा १० च्या वर गेला की औषध म्हणून त्याच्यात जाणकारांना फारसा रस उरत नाही.

कर्क्युमिनचं माणसांत मोजमाप झालेलं आहे. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिल्यावरही रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी मिलिलिटरमागे सुमारे ०.६५ मायक्रोग्रॅमच झाली. हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे रोज पाव किलोहून जास्त हळद. आतडं आणि यकृत मिळून ते इतक्या झपाट्याने बदलून टाकतात की मूळ रूपात फार थोडं उरतं. त्यातही कर्क्युमिन स्वतः चमकणारं, रंगीत आणि प्रथिनांना वाटेल तिथे चिकटणारं रसायन आहे. प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्या रंग किंवा चमक मोजून निकाल देतात, त्यांत ते खोटे 'यशस्वी' निकाल देण्यासाठी बदनाम आहे.

लसणातलं अ‍ॅलिसिन त्याहून नाजूक. पाकळी चिरडल्यावर ते तयार होतं, आणि लसूण कितीही खाल्ला तरी रक्तात अ‍ॅलिसिन म्हणून ते सापडत नाही, त्याआधीच त्याची दुसरी रसायनं झालेली असतात.

पायपरीनची गोष्ट वेगळी आहे, आणि तुम्हाला आलेल्या बातमीचं मूळ बहुधा तिथेच असावं. क्षयरोगाच्या औषधात वापरलं गेलेलं हे खरोखरचं वनस्पतिजन्य रसायन आहे. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेच्या संशोधनातून २००९ मध्ये रिसोरिन नावाची कॅप्सूल आली : रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनायझिड ३०० आणि पायपरीन १०. पायपरीनमुळे रिफाम्पिसिन जास्त शोषलं जातं आणि ४५० चं काम २०० मध्ये होतं, अशी तिची कल्पना. यात पायपरीन जंतू मारत नाही, ते दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. वाढ साधारण दुपटीच्या घरातली. तुमच्या भावाच्या जंतूत रिफाम्पिसिन ज्या जागी चिकटतं ती जागाच बदललेली आहे, आणि अशा जंतूला रोखायला लागणारी पातळी अनेकदा शंभर पटींच्या पुढे गेलेली असते. दुप्पट करून तिथे काहीच हाती लागत नाही. त्याच्या कोर्समध्ये रिफाम्पिसिन नाहीच, हे तर आहेच.

पण रिफाम्पिसिन नसलं तरी पायपरीनचं काम थांबत नाही. ते यकृतातल्या आणि आतड्यातल्या सीवायपी३ए४ या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि बेडाक्विलिन मोडण्याचं काम याच एन्झाइमकडे आहे. कॅप्सूलमधल्या पायपरीनने बेडाक्विलिनची पातळी नेमकी किती हलेल हे तुमच्या भावावर मोजून पाहण्यात काही शहाणपण नाही. कॅप्सूलवर '२० पट शोषण' असं लिहिलेलं असेल, तर ते १९९८ च्या एका प्रयोगातून आलंय : २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन. मूळ पातळी जवळजवळ शून्य असल्यामुळे २० पट हा आकडा दिसायला मोठा आहे, एवढंच. त्याची किंमत म्हणजे इतर औषधं हाताळणारी यंत्रणाही त्या वेळेपुरती मंदावते.

आता घरात आणलेल्या गोष्टी एकेक करून पाहू.

कर्क्युमिन-पायपरीनची कॅप्सूल द्यायची नाही. वरच्या कारणाखेरीज यकृताचंही कारण आहे. औषधांमुळे यकृताला झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे आजारी पडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. प्रेटोमॅनिड स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतं. दोन्ही एकत्र चालू असताना रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले, तर दोष कोणाचा हे कळणार नाही आणि डॉक्टरांना नाइलाजाने कामाचं औषध थांबवावं लागेल. हे होतं, आणि सहा महिन्यांचा कोर्स त्यानेच खंडित होतो. जेवणातली हळद-मिरी नेहमीसारखी असू द्या.

गुळवेलही नाही. गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, त्यांतली काही शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी होती. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची भेसळ झाली, असंही काहींचं म्हणणं आहे. गोळी हातात घेऊन तुम्हाला हे ओळखता येणार नाही, त्यामुळे वाद कोणाच्याही बाजूने सुटला तरी तुमचा निर्णय बदलत नाही. अश्वगंधा आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनाही याच कारणासाठी सध्या रजा द्या.

अडुळशाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्यातला व्हॅसिसीन हा घटक संशोधनात खरोखर महत्त्वाचा ठरलाय. कफ पातळ करणारी ब्रोमहेक्सिन आणि अ‍ॅम्ब्रॉक्सॉल ही औषधं त्याच्यावरूनच घडवली गेली, आणि १९९६ मध्ये ही दोन्ही क्षयाच्या जंतूला बशीत रोखतात असंही दाखवलं गेलं. पण तिथे लागलेली पातळी मायक्रोग्रॅममधली होती, आणि नेहमीच्या डोसनंतर रक्तात ती नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे हजार पटींनी लहान एककात मोजावी लागते. तेव्हा अडुळसा क्षयावर म्हणून देण्यात अर्थ नाही. खोकल्यावर म्हणून दिला तर? इथे काढ्यातले बाकीचे घटक वाचा. त्यात बऱ्याचदा ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा काळ लांबवतात, पोटॅशियम कमी असेल तर तो आणखी लांबतो, आणि ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर ठोके जीवघेण्या रीतीने बिघडू शकतात. सोनामुखीसारख्या रेचकाने रोज जुलाब होत राहिले तरी पोटॅशियमची हीच गत होते. दारुहळदीतलं बर्बेरीन तर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर नेणाऱ्या आणि क्यूटी ठरवणाऱ्या वाहिनीवरच थेट परिणाम करतं. जंतूवर चालतं म्हणून बातम्यांत त्याचंही नाव येतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

खोकल्यासाठी दुकानातून सिरप आणण्याचा मोह होईल. बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का ते आधी बघा. लिनेझोलिडसोबत पहिल्याने मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून ताप, थरथर, गोंधळल्यासारखं होणं असा प्रकार होऊ शकतो, दुसऱ्याने रक्तदाब एकदम चढू शकतो. वनौषधींपेक्षा ही चूक जास्त घरांत होत असेल.

लसणाच्या कॅप्सूलही नकोत. लिनेझोलिडने रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊ शकतात, आणि जास्त मात्रेतला लसूण उरलेल्या प्लेटलेटना नीट चिकटू देत नाही. फोडणीतल्या लसणाला हे लागू नाही.

मॉक्सिफ्लॉक्सासिनचं एक पथ्य बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त असलेली कोणतीही गोळी, भस्म किंवा आम्लपित्ताचं औषध पोटात त्याला बांधून ठेवतं आणि ते शोषलंच जात नाही. शंखभस्म म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, लोहभस्माचं तर नावातच आहे. असं काही डॉक्टरांनी दिलेलंच असेल, तर मॉक्सिफ्लॉक्सासिन त्याच्या किमान ४ तास आधी किंवा ८ तास नंतर घ्यावं.

मळमळीचा पहिला उपाय गोळ्यांच्या वेळेत आहे. बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड जेवणासोबत घ्यायची असतात. बेडाक्विलिन तर जेवणासोबत घेतल्यास जवळपास दुप्पट शोषलं जातं. रिकाम्या पोटी गोळ्या आणि मग काढ्याने पोट भरलं म्हणून जेवण अर्धवट, असं होत असेल तर मळमळही वाढेल आणि औषधही कमी पोचेल. उलटीची गोळी स्वतःहून आणू नका. ऑन्डान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन या दोन्ही नेहमीच्या गोळ्या क्यूटी लांबवतात. डॉक्टर ईसीजी बघून त्या देतील किंवा दुसरं काही देतील. मळमळीसोबत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा अन्नाची वासनाच गेली, तर ती साधी मळमळ नव्हे. त्याच दिवशी यकृताची तपासणी हवी. चक्कर येऊन पडणं किंवा छातीत धडधड यालाही थांबायचं नाही.

आतापर्यंत काही दिलंच असेल तर लपवू नका. डबे, बाटल्या, वेष्टनं सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटचं कधी दिलं, हे कागदावर लिहून द्या. यकृत, रक्तपेशी, पोटॅशियम आणि ईसीजी या तपासण्या एकदा लवकर करून घेता येतील.

मग वनस्पतींच्या संशोधनाला काहीच अर्थ नाही का? आहे, फक्त तो तुमच्या भावाच्या या कोर्सच्या वेळापत्रकात बसणारा नाही. मलेशियातल्या सारवाकच्या जंगलातल्या कॅलोफायलम वृक्षात सापडलेलं कॅलॅनोलाइड ए मुळात एचआयव्हीसाठी तपासलं जात होतं, ते औषधरोधी क्षयजंतूलाही मिलिलिटरमागे सुमारे ३ मायक्रोग्रॅममध्ये रोखतं. वनस्पतींच्या जगात हा चांगला आकडा आहे. आर्टेमिसिनिन या वनस्पतीतून मिळालेल्या मलेरियाच्या औषधाबद्दल २०१७ मध्ये वेगळीच गोष्ट पुढे आली : प्राणवायू कमी झाला की जंतूला सुप्तावस्थेत नेणारी जी यंत्रणा असते, तिच्या संवेदकातच ते बिघाड करतं. सुप्त जंतूंवर बरीच औषधं बोथट पडतात, म्हणून हा धागा मोलाचा. सर्पगंधेतलं रेसर्पिन आणि पायपरीन जंतूच्या पेशीतून औषध बाहेर फेकणारे पंप अडवतात. बेडाक्विलिन निकामी होण्याचा एक मार्ग या पंपांच्या अतिकामातूनच जातो, त्यामुळे कल्पना चांगली. अडचण अशी की पंप अडवायला लागेल एवढं रेसर्पिन माणसाला सोसत नाही. चित्रकाच्या मुळातल्या प्लंबॅजिनचं तसंच, ते जंतू मारतं आणि आपल्या पेशींनाही सोडत नाही. रसायन कागदावर झकास आणि शरीरात निरुपयोगी ठरतं ते बहुतेक वेळा अशा ठिकाणी.

निसर्गाकडून क्षयाला औषध मिळालेलं आहेच. १९४३ चं स्ट्रेप्टोमायसिन आणि पुढे रिफाम्पिसिनचं मूळ, दोन्ही मातीतल्या जंतूंकडून आली. वनस्पतीतून थेट आलेलं, स्वतः क्षयजंतू मारणारं औषध मात्र अजून शिफारशींच्या यादीत नाही. वेळेचा अंदाज हवा असेल तर बेडाक्विलिनचा शोध २००५ मध्ये जाहीर झाला आणि परवानगी २०१२ च्या डिसेंबरात मिळाली. प्रेटोमॅनिड २००० मध्ये जगापुढे आलं, परवानगी २०१९ मध्ये.

पुढची बातमी आली की आकड्यासोबत जंतू कोणता होता तेही बघा. बऱ्याच प्रयोगांत स्मेग्मॅटिस हा क्षयाचा निरुपद्रवी भाऊबंद वापरतात, कारण तो दर तीनेक तासांनी दुप्पट होतो आणि निकाल दोन-तीन दिवसांत मिळतो. खरा क्षयजंतू दुप्पट व्हायला २० तासांच्या आसपास घेतो आणि औषधांना वेगळा प्रतिसाद देतो. मानवी पेशींवरचा विषारीपणा मोजलाय का, हा दुसरा प्रश्न. जंतू रोखणाऱ्या मात्रेच्या निदान दहा पट मात्रा पेशींना सोसावी, अशी साधारण अपेक्षा असते. आणि 'अर्क' म्हटलं असेल तर पुढे वाचायची घाई नको. कोणत्या ऋतूत तोडलेला, कोणता भाग, पाण्यात काढला की मद्यार्कात, यावर त्यातलं रसायन इतकं बदलतं की दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल येईल याची खात्री नसते.

राहिला चाचणीचा प्रश्न. खऱ्या चाचणीला सार्वजनिक नोंदवहीत क्रमांक असतो, नैतिक समितीची मंजुरी असते, तुमच्या भाषेतलं संमतिपत्र असतं आणि इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद लिहिलेली असते. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. वनस्पतिजन्य रसायन तपासायचं असेल तर ते चालू गोळ्यांच्या जोडीला दिलं जातं, आणि त्यांच्याशी ते कसं वागतं हे आधी निरोगी माणसांत पाहिलेलं असतं. संमतिपत्रातला 'सध्याच्या उपचारांचं काय होईल' हा परिच्छेद सगळ्यात आधी वाचा. तिथे नेहमीच्या गोळ्या थांबवा असं असेल, किंवा असा कागदच नसेल, तर सही करू नका. असेल तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. सात आठवड्यांत खोकला उतरलेला आणि वजन वाढलेलं असताना बहुधा ते म्हणतील, आधी हा कोर्स पुरा होऊ द्या आणि पायांचं काय ते बघू.